तीन वर्षांचा निधी, तीस वर्षांचं हवामान

(सांगलीतील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘हवामान संशोधन आणि सार्वजनिक निधी’. इतका रुक्ष विषय असून सभागृह भरलंय, याचं श्रेय माझं नाही, कृष्णेचं आहे. ज्यांच्या घरात २०१९ ला पाणी शिरलं त्यांना हवामान कशाशी खातात हे सांगावं लागत नाही. मी आज पैशाबद्दल बोलणार आहे. कोण देतं, कशासाठी देतं, किती दिवस देतं. मुख्यतः किती दिवस.

या गावात मला हमखास एक प्रश्न येतो. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ज्यांनी २००५ च्या पुराची खूण भिंतीवर जपली होती, त्यांनी त्या हिशोबाने सामान वरच्या फळीवर टाकलं आणि पाणी फळीच्याही वर गेलं. मग लोक विचारतात, एवढे उपग्रह, एवढे संगणक, आमच्या करातून एवढे कोटी. आम्हाला चार दिवस आधी का नाही कळलं?

प्रश्न रास्त आहे. पण याचं उत्तर कुठल्या एका कार्यालयात सापडत नाही. पावसाचा अंदाज हवामान खात्याचा. कोयनेतून, वारणेतून किती पाणी सोडायचं हे जलसंपदा विभागाचं. नदीची पातळी आणि पुराचा अंदाज यात केंद्रीय जल आयोग. खाली अलमट्टी धरण, म्हणजे कर्नाटक सरकार. आणि घाटावर पडणारा पाऊस ज्या अरबी समुद्रावरून येतो, त्या समुद्राच्या पोटातलं तापमान मोजणारी यंत्रं तर अनेक देशांनी मिळून सोडलेली आहेत.

या शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करू. आर्गो नावाचा एक प्रकल्प आहे. जगभरच्या समुद्रांत सुमारे चार हजार तरंगती यंत्रं सोडलेली आहेत. एक यंत्र हजार मीटर खोल जाऊन वाहत राहतं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतं, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतं, आणि पृष्ठभागावर आलं की उपग्रहाला आकडे देऊन पुन्हा खाली जातं. हे आकडे कुणालाही फुकट मिळतात. आपल्याकडे हे काम हैदराबादची इन्कॉईस ही संस्था बघते. आता गोम अशी की यंत्राची बॅटरी काही वर्षांनी संपते. म्हणजे नुसतं आहे ते टिकवायचं तरी दरवर्षी शेकडो नवी यंत्रं टाकावी लागतात. निम्म्याहून अधिक यंत्रं एकट्या अमेरिकेची. सगळ्यांनी मिळून चालवलेल्या कामाला एक सामाईक तिजोरी असेल असं आपल्याला वाटतं. ती नसते. प्रत्येक देश आपापल्या अर्थसंकल्पातून आपापला वाटा उचलतो, आणि एकाने हात आखडता घेतला की भोक समुद्रात पडतं, सगळ्यांच्याच.

आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, तिचंही तसंच. १९८८ साली स्थापन झालेली ही संस्था स्वतः संशोधन करत नाही, झालेलं संशोधन तपासून अहवाल लिहिते. २०२१ च्या अहवालाच्या पहिल्या भागाला २३४ लेखक होते आणि त्यांनी चौदा हजारांवर संदर्भ चाळले. या लेखकांना त्या कामाचा पगार मिळत नाही; ज्या विद्यापीठात नोकरी, तिथला पगार हाच काय तो आधार. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा हवामान अहवाल वेगवेगळ्या देशांतल्या करदात्यांनी नकळत वर्गणी काढून लिहून घेतलेला आहे. सांगलीकरांना वर्गणीची पद्धत नवीन नाही.

हात आखडता घेतल्यावर काय होतं त्याचं जुनं उदाहरण देतो. चार्ल्स डेव्हिड कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा दर दहा लाख भागांत साधारण ३१५ भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. तो चढता आलेख तुम्ही पाहिला असेल. त्यात १९६४ च्या पूर्वार्धात काही महिने कोरे आहेत. ज्वालामुखी फुटला नव्हता की यंत्रही बिघडलं नव्हतं. अमेरिकी सरकारने काटकसर केली, माणसं कमी केली, मोजणी थांबली. ते महिने आता जगातली कुठलीही तिजोरी उघडली तरी विकत मिळायचे नाहीत. आपल्या शेजारी गोव्यात केप रामा इथे ऑस्ट्रेलियाच्या सहकार्याने १९९३ पासून अशीच मोजणी सुरू झाली होती. २००२ नंतर तिच्यातही काही वर्षांचा खंड आहे.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने आपल्या राष्ट्रीय हवामान अहवालावर काम करणाऱ्या सुमारे चारशे तज्ज्ञांना एका पत्राने मोकळं केलं, आणि २०२६ च्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात त्यांच्या महासागर आणि वातावरण खात्याची संशोधन शाखाच मोडीत काढायचं सुचवलं. मौना लोआची मोजणी त्यातच येते.

आता घराकडे वळू. पुण्याची आयआयटीएम, म्हणजे उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था, तुम्हाला माहीत असेल. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०१२ मध्ये मान्सून मिशन सुरू केलं, त्याचा गाडा मुख्यतः या संस्थेने ओढला. अमेरिकेत तयार झालेलं एक संगणकीय प्रारूप, म्हणजे हवामानाचं गणित मांडून अंदाज काढणारं मॉडेल, घेतलं, ते आपल्या मान्सूनसाठी सुधारायला देशातल्याच नव्हे तर परदेशातल्या शास्त्रज्ञांनाही भारत सरकारने पैसे दिले. तेव्हा काहींनी नाकं मुरडली, आपला पैसा गोऱ्यांना कशाला म्हणून. माझ्या मते तो पैसा सगळ्यात शहाणपणाने खर्च झालेल्यांपैकी आहे, कारण सुधारलेलं प्रारूप आपल्याकडे राहिलं आणि ते चालवणारी माणसं इथे तयार झाली. पुढे आयआयटीएमचं स्वतःचं पृथ्वी-प्रणाली प्रारूप, म्हणजे हवा, समुद्र, जमीन सगळं एकत्र धरणारं, जगातल्या प्रारूपांच्या तुलनेच्या प्रकल्पात उतरलं. भारतातून असं प्रथमच घडलं.

या मिशनचा आणि महासंगणकांचा खर्च साधारण हजार कोटी. एनसीएईआर या अर्थशास्त्रीय संस्थेने २०२० मध्ये हिशोब मांडला की यातल्या एका रुपयामागे देशाला पाच वर्षांत पन्नास रुपयांचा फायदा होईल. पन्नास पट परतावा म्हटलं की आपल्याकडची माणसं आधी खिसा सांभाळतात, आणि बरोबरच करतात. हा आकडा शेतकऱ्यांच्या मुलाखतींवर उभा आहे: सल्ला मिळाल्यावर पेरणी पुढे ढकलली का, फवारणी टाळली का, त्यातून किती वाचलं. त्यात अंदाजाचा भाग आहेच. पण पन्नासच्या जागी पाच धरा, तरी तासगावचा द्राक्षबागायतदार अवकाळीच्या दोन दिवस आधी मिळालेल्या एका खऱ्या सूचनेची किंमत तुम्हाला औषधाच्या डब्यांत सांगेल.

महाबळेश्वरची एक गोष्ट जरा सावकाश सांगतो. तिथे २०१२ पासून आयआयटीएमची ढगांची प्रयोगशाळा आहे. ढगाच्या आतलं मोजायचं तर एरवी विमान लागतं. महाबळेश्वरला पावसाळ्यात ढगच खाली येऊन इमारतीवर बसतात. तिथे डिसड्रोमीटर नावाचं उपकरण पडणाऱ्या थेंबांचे आकार टिपतं. त्यातून दिसलं काय, तर घाटमाथ्यावरचा पाऊस बराचसा बुटक्या ढगांतून येतो आणि त्यात बारीक थेंबांची संख्या फार असते. बाहेर उभं राहिलं तर पाऊस धो धो वाटतो, पण थेंब टपोरे नसतात.

याचा सांगलीशी काय संबंध? रडार पाऊस थेट मोजत नाही. थेंबांवरून परतणाऱ्या लहरींची ताकद बघतं आणि त्यावरून पावसाचा अंदाज बांधतं. टपोऱ्या थेंबाचा प्रतिध्वनी कितीतरी पट मोठा. दुसरीकडच्या टपोऱ्या थेंबांवर बसवलेलं सूत्र घाटावर वापरलं, तर रडार पाऊस कमी दाखवणार. वर डोंगर आडवे येतात, आणि लांबून येणारा झोत बुटक्या ढगांच्या डोक्यावरून निघून जातो, ते वेगळंच. म्हणजे कोयनेच्या पाणलोटात किती पडतंय हे नीट कळायला महाबळेश्वरच्या गच्चीवरचे थेंब वर्षानुवर्षं मोजत राहावे लागतात. अशा ठिकाणी दमटपणाने भिंगांवर बुरशी चढते, जोडण्या गंजतात. नवं उपकरण घ्यायला पैसे मिळतात. जुनं पुसायला, दुरुस्त करायला, त्याच्याजवळ जुलैत राहणाऱ्या माणसाला द्यायला पैसे मिळवणं हा खरा घाम काढणारा उद्योग आहे.

इथे मी थोडं कारकुनी बोलतो, सहन करा. मी आयुष्यभर महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं आणि अशा एका संयुक्त प्रकल्पात सहसंशोधक होतो. आपल्याकडे प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. मंजुरीचं पत्र आलं तरी पहिला हप्ता येईपर्यंत सप्टेंबर उजाडतो. म्हणजे पहिला पावसाळा गेला. मग खरेदी, तीन निविदा, मार्चअखेरच्या आत खर्च दाखवायचा, नाहीतर पैसे परत. पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, दिल्याशिवाय नाही, आणि ते लेखापरीक्षकाच्या सहीशिवाय नाही. आमच्या प्रकल्पात एका निधी देणाऱ्या यंत्रणेने प्रमाणपत्रातल्या शिल्लक व्याजाच्या किरकोळ रकमेवर शंका काढली. तिचा निपटारा होईपर्यंत संशोधक विद्यार्थ्याची छात्रवृत्ती थकली आणि तो पोरगा भर पावसाळ्यात गावी निघून गेला. यंत्र चालू, बघायला कुणी नाही. तिसऱ्या वर्षी तर पाऊस सुरू असतानाच समारोपाच्या अहवालाचं पत्र येतं. हिशोब करा, तीन वर्षांच्या मान्सून प्रकल्पाच्या पदरात धड मान्सून किती पडले.

आणि हवामानशास्त्रात सरासरी काढतात तीस वर्षांची. सध्या १९९१ ते २०२० ही धरतात.

कोणी म्हणेल, पैसाच कमी आहे. कमी आहेच. देशाच्या सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के संशोधनावर, सगळ्या विषयांचं मिळून. पण अलीकडे हवामानाला पैसा आलाय, हे मान्य करायला हवं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हवामानाचे अंदाज सुधारण्याच्या मिशन मौसमला दोन हजार कोटी मंजूर केले. त्याच महिन्यात पुण्यात अर्क हा महासंगणक आला. सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी प्रणाली २०२५ मध्ये सुरू झाली. छान आहे. फक्त त्या दोन हजार कोटींपुढे दोन वर्षं असं लिहिलेलं आहे. रडार दोन वर्षांत उभं राहतं. त्याच्या नोंदींना अर्थ यायला किती वर्षं लागतात हे आत्ताच सांगितलं.

सातत्य आपल्याला जमतच नाही असं मात्र नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप झाला तेव्हापासून तिथली भूकंपमापनं पिढ्यान्पिढ्या चालू आहेत. आता कराडला त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे आणि गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलंय. धरणाची भीती होती म्हणून ते टिकलं असेल. भीतीने का होईना, टिकलं.

अलमट्टीचा विषय न काढता सांगलीतून उठलो तर तुम्ही मला पुढच्या वर्षी बोलावणार नाही. धरणाची सध्याची पातळी ५१९.६० मीटर, कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये ५२४.२५६ पर्यंत परवानगी दिलेली. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने अलमट्टीमुळे पूर आला असं मानलं नाही. अनेकांना ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. मी इथे निवाडा देणार नाही. पण बघा, हा वाद दर जूनला नव्याने सुरू होतो कारण दोन्ही राज्यांनी मिळून मान्य केलेला, दोघांच्या पैशाने चालणारा, दोघांना एकाच वेळी दिसणारा आकड्यांचा एक संच नाही. यांचे अभियंते यांचे आकडे काढतात, त्यांचे त्यांचे. समुद्रातल्या यंत्रांचे आकडे तीसएक देश एकमेकांना रोज देतात आणि कर्नाटकातल्या हिप्परगी बंधाऱ्याच्या पाण्यासाठी दोन जिल्हाधिकाऱ्यांना फोन करावे लागतात. पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेच्या कर्जातून तीन हजार कोटींच्या वरचा कार्यक्रम येतोय. त्यात भिंती आणि बोगदे किती आणि नदी मोजणारी माणसं किती, हे तुमच्या आमदारांना जरूर विचारा. आणि ती माणसं कार्यक्रम संपल्यावर कुणाच्या पगारावर, हेही.

शेवटी एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, आटपाडीच्या एका शिक्षकांचा. ते विचारतात, महसूल मंडळाला एक स्वयंचलित हवामान केंद्र आहे, पण मंडळाच्या एका टोकाला गारपीट आणि दुसऱ्या टोकाला कोरडं असतं. आमच्या शाळेने पाऊस मोजला तर त्याचा उपयोग होईल का?

होईल, सर. २०१७ मध्ये आयआयटीएमचे शास्त्रज्ञ रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मध्य भारतात १९५० पासून अतिवृष्टीच्या व्यापक घटना तिपटीने वाढल्या. तो निष्कर्ष सत्तरएक वर्षं रोज सकाळी कुणीतरी पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतून लिहून ठेवलं, त्यावर उभा आहे. साधा पर्जन्यमापक घ्या. काठ जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर, झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, पाऊस नसेल त्या दिवशीही शून्य लिहायचं, दिवाळीच्या सुट्टीतही. नोंदवही दोन प्रतींत ठेवा, एक तहसीलमध्ये द्या आणि पोच घ्या. सुट्टीत मोजणाऱ्या मुलाला किंवा शिपाईमामांना मानधन लागेल, ते जिल्हा नियोजनातून मिळतं का बघू. अर्ज मी लिहून देतो. फक्त मुदतीच्या रकान्यात तीन वर्षं लिहू नका.