बिननालीच्या घोड्याला नालबंद कशाला?

श्रोतेहो, नमस्कार.

नव्यानं घोडा पाळणारा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो. घोड्याला नाल मारायचीच नाही, तर नालबंद बोलवायचा कशाला? ऐकायला रास्त वाटतं. पण नाल ठोकणं हे नालबंदाच्या कामातलं शेवटचं काम. त्याआधी खूर कापून, घासून तोलात आणावा लागतो, आणि अनवाणी घोड्यालाही त्यातून सुटका नाही.

खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. मोकळा रानघोडा खडकाळ जमिनीवर रोज कोसच्या कोस चालतो, त्यात ही वाढ झिजून जाते. आपला घोडा मऊ मातीत नाहीतर तबेल्यात उभा असतो. वाढ तेवढीच, झीज मात्र नाही. मग खुराचं पुढचं टोक लांबतं, पाऊल उचलताना अडतं आणि पायाच्या मागच्या शिरांवर ताण येतो. कडांना भेगा पडतात, एखादा तुकडा निघूनही येतो. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद यायला हवा. खूर वेडावाकडा वाढणारा असेल तर त्याहून लवकर.

तो यायच्या आधी घोडा पकडून, म्होरकी घालून, पाय कोरडे आणि स्वच्छ करून ठेवा. पाहुणा दारात आणि यजमान घोड्यामागे धावतोय, असं होऊ देऊ नका. जागा सपाट, कडक आणि उजेडाची हवी.

चांगला नालबंद आल्याआल्या कानस काढत नाही. आधी घोडा चालवून दाखवायला सांगतो. पाऊल टाकताना टाच आधी टेकते की टोक, हे तो बघतो. टोक आधी टेकत असेल तर टाचेकडे काहीतरी दुखत असण्याची शक्यता असते. मग तो घोड्याच्या तोंडाकडे पाठ करून उभा राहतो, पुढचा पाय उचलून दोन्ही मांड्यांमध्ये धरतो आणि आकड्यानं तळवा साफ करतो. मधोमध जो लवचिक, त्रिकोणी भाग दिसतो ती पुतळी. तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये काळा, घाण वासाचा चिकट थर सापडला, तर ती कुजायला लागली आहे असं समजा. टोकाशी वळलेल्या सुरीनं तो सुटा, मेलेला भागच काढतो. तळवा मात्र फारसा कोरत नाही, कारण नाल नसलेल्या घोड्याला खड्यांपासून वाचवणारी तीच जाडी असते. पकडीनं कडेची वाढ कापतो आणि शेवटी कानशीनं कड गोल करतो, म्हणजे ती दगडावर आपटून फुटत नाही. कापलेले तुकडे घरचा कुत्रा पळवतो, तो सोहळा वेगळाच!

या वेळी तुम्ही दोरी धरून मोबाइलमध्ये डोकं घालू नका. खूर वाचायला शिकायची याहून चांगली संधी नाही. तळव्याच्या कडेची फिकट रेषा रुंदावलेली दिसते का, तिच्यात लालसर डाग आहेत का, विचारा. खुरावरची आडवी वळी टाचेकडे एकमेकांपासून लांब गेली असतील तर खुराच्या आत सूज येऊन गेली असावी. खुराच्या भिंतीला आतल्या हाडाशी जोडणारा थर सुजतो, तेव्हा हा आजार होतो. भरमसाट धान्य किंवा गोड, हिरवंगार गवत ही त्याची नेहमीची कारणं. तिथे नुसत्या कानशीनं भागत नाही, खुराकही बदलावा लागतो. घोडा पुढचे पाय पुढे ताणून, मागच्या पायांवर भार टाकून उभा दिसला तर नालबंदाच्या तारखेची वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरला बोलवा.

म्हाताऱ्या घोड्याचं जरा वेगळं. सांधे धरलेले असतात, मागचा पाय उंच उचलला की तो ओढून घेतो आणि आपण त्याला खट्याळ ठरवतो. पाय खाली धरा, मध्येमध्ये टेकवू द्या. घाई करणारा, जनावराला मारणारा नालबंद कितीही हुशार असो, मी त्याला दुसऱ्यांदा बोलावणार नाही.

नाल नुकतीच काढली असेल तर धीर धरा. खुराचं टोक मुळापासून नवं यायला ९ ते १२ महिने लागतात. तोवर खडीच्या रस्त्यावर त्याला दामटू नका, गरज पडली तर खुराचे बूट मिळतात ते घाला.

मधल्या आठवड्यांत रोज आकड्यानं खूर साफ करायचं काम तुमचं. कापल्यानंतर एखादा दिवस घोडा जपून चालला तर हरकत नाही. दोन-तीन दिवसांनीही तो लंगडत असेल, किंवा खूर गरम लागत असेल, तर त्याच नालबंदाला फोन करून स्पष्ट सांगा. आणि पुढची तारीख तो निघायच्या आधीच पक्की करून घ्या, चांगल्या नालबंदाची वही लवकर भरते.

नमस्कार.