लिव्हर ढकलताना हाताला काय कळतं

आज बोलायचंय विंचेस्टर रायफलीच्या लिव्हरबद्दल, म्हणजे चापाखालच्या त्या कडीच्या दांडीबद्दल, जी पुढे-मागे केली की नवं काडतूस नळीत जातं. सुरुवात मात्र पिनेपासून. पहिल्या रांगेत बसलेल्या काकूंच्या पर्समध्ये एखादी सेफ्टी पिन असणारच. ती काढली न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी. पेटंट एप्रिल १८४९ चं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी आणखी एक पेटंट घेतलं, एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफलचं. पिन आजही जशीच्या तशी चालते, रायफल मात्र धड चालली नाही. भाग फार आणि नाजूक. पण कल्पना हातोहाती फिरत राहिली. स्मिथ आणि वेसन या दोघांनी तिच्यावर काम केलं आणि शेवटी ती आली ऑलिव्हर विंचेस्टर यांच्याकडे. हे गृहस्थ मूळचे बंदूकवाले नव्हेत, कनेटिकटमधल्या न्यू हेवन गावी त्यांचा शर्टांचा कारखाना होता. त्यांच्या बंदूक कंपनीतल्या बेंजामिन टायलर हेन्री यांनी १८६० मध्ये ती रायफल मार्गी लावली.

आता माझा संबंध. माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात हत्यारं आणि साचे बनवतात त्या विभागात झाली. मी शिकारी नाही, सैन्यात नव्हतो, आणि बंदुकीबद्दल मला वेगळं प्रेमही नाही. पण मुलगी अमेरिकेत असते, तिच्या शेजारी एक वयस्कर सुतार राहतात. त्यांच्याकडे घराण्यातून आलेल्या दोन विंचेस्टर आहेत, एक १८७३ च्या मॉडेलची आणि एक १८९४ च्या. मी यंत्रातला माणूस आहे हे कळल्यावर त्यांनी एका रविवारी दोन्ही बाहेर काढल्या. आधी लिव्हर उघडली, नळीच्या मागच्या तोंडाशी करंगळी घालून रिकामी असल्याची खात्री केली, मला करायला लावली. मग दारू नसलेली, सरावाची खोटी काडतुसं दिली. म्हणाले, ‘बघू नकोस, डोळे मिटून चालव.’

तुम्ही अडकित्ता वापरला असेल. सुपारीवर पातं टेकतं, मग ती हट्ट धरते, मग एकदम फुटते. डोळे मिटले तरी सुपारी कुठे आहे ते हाताला समजतं. १८७३ ची लिव्हर तशी आहे, फक्त तिच्यात चार-पाच सुपाऱ्या एकापाठोपाठ ठेवल्यात.

तीन बोटं कडीत, अंगठा दस्त्यावर. लिव्हर खाली आणि पुढे ढकलायची. सुरुवातीलाच हात जड होतो, कारण बोल्टची, म्हणजे काडतुसामागे सरकून नळी बंद करणाऱ्या तुकड्याची, मागची दांडी घोड्याला, म्हणजे बार उडवणाऱ्या हातोडीला, मागे रेटत असते, आणि घोड्यामागे चांगली जाड पट्टीची स्प्रिंग आहे. मग खटका. घोडा बसला. इथून लिव्हर हलकी होते, तेल घातलेल्या शिलाई मशीनसारखी सरकते. पहिल्याच फेऱ्यात वरून एक बारीक खरखर ऐकू येते, कारण बोल्ट जाताना धुळीचं झाकण आपल्याबरोबर मागे नेतो. दुसऱ्या फेऱ्यापासून ती खरखर नाही, झाकण मागेच राहिलेलं असतं. आणि अगदी शेवटी, लिव्हर पुढे टेकता टेकता, टक्! आतला पितळी ठोकळा नवं काडतूस पोटात घेऊन सरळ वर उचलला जातो आणि जाताना जुन्या काडतुसाची रिकामी पुंगळी वरून उडवून देतो. चाळीतल्या लिफ्टसारखा. या ठोकळ्याला ते लोक कॅरिअर म्हणतात.

परतीचा प्रवास निराळा. लिव्हर मागे घेताना काडतूस ठोकळ्यातून नळीत शिरतं, पितळेवर पितळ आणि मग पोलाद, त्याचा एक मऊ घासल्यासारखा स्पर्श बोटांपर्यंत येतो. मग अंगठाभर अंतर उरतं आणि ठोकळा खाली पडतो. त्या शेवटच्या अंगठाभरात लिव्हर आपण ओढतो की ती स्वतःच बसते, हे सांगता येत नाही. मला ती जागा सगळ्यात आवडली. टूलरूममध्ये असा बसणारा भाग हातात आला की आमचे मिस्त्री काही बोलायचे नाहीत, फक्त पुन्हा एकदा बसवून बघायचे.

ती जागा अशी का लागते? आत दोन्ही बाजूंना दोन दोन पट्ट्या एका सांध्याने जोडलेल्या आहेत, आपल्या गुडघ्यासारख्या. लिव्हर उघडली की गुडघा वाकतो आणि बोल्ट मागे येतो. बंद केली की गुडघा ताठ. हमाल पाठीवर पोतं घेऊन ताठ गुडघ्यावर उभा राहू शकतो, वाकलेल्या गुडघ्यावर फार वेळ नाही. बार उडाल्यावरचा धक्का या ताठ पट्ट्यांतून सरळ रेषेत मागे जातो. आणि गुडघा सरळ होत आला की हाताच्या थोड्या जोरात खूप दाब निर्माण होतो. तोच दाब आपल्याला ‘बसली’ असं सांगतो. लिव्हर पूर्ण दाबल्याशिवाय चापही मोकळा होत नाही, त्यासाठी खाली एक छोटा अडसर ठेवलेला आहे.

दुसऱ्या वेळी मी जरा जपून, हळूहळू लिव्हर चालवली. परक्याची शंभर वर्षांची वस्तू, म्हणून. लिव्हर पूर्ण पुढे गेलीच नाही, ठोकळा अर्ध्यात राहिला आणि काडतूस तिरकं अडकलं. सुतार आजोबा हसले. या यंत्राला भिडस्त हात चालत नाही. पूर्ण पुढे, पूर्ण मागे. आणखी एक अट म्हणजे काडतुसाची लांबी. त्या ठोकळ्यात मावेल तेवढंच काडतूस हवं. ते आखूड पडलं तर मागचं काडतूस नळीखालच्या नळकांड्यातून, जिथे काडतुसं रांगेने भरून ठेवतात तिथून, ठोकळ्यात डोकावतं आणि ठोकळा उचलतच नाही. म्हणजे काडतूस हाच या यंत्राचा एक मोजलेला भाग आहे. असं डिझाइन मी तरी पास केलं नसतं, पण ७ लाखांहून जास्त रायफली याच अटीवर विकल्या गेल्या.

गुडघ्याची मर्यादा मात्र खरी. ४४-४० चं काडतूस, म्हणजे ४० ग्रेन (वजनाचं बारीक माप) काळी दारू, तिथपर्यंत ठीक. अस्वलं, गवे यांच्यासाठीच्या मोठ्या काडतुसांना तो सांधा पुरेना. तेव्हा युटातल्या ऑग्डनचे जॉन ब्राउनिंग यांनी १८८६ च्या रायफलीत गुडघा काढून टाकला आणि बोल्टच्या दोन्ही अंगांना उभे अडसर घातले. आपल्या वाड्यांच्या दरवाजाचा अडणा आडवा असतो, हा उभा, एवढाच फरक. १८९४ ची त्यांचीच. ३०-३० चं बिनधुराच्या दारूचं काडतूस १८९५ पासून तिच्यात आलं आणि पुढे या रायफलीची संख्या ७० लाखांच्या वर गेली.

ही दुसरी हातात घेतली आणि पहिल्यांदा मी थोडा नाराज झालो. लिव्हर उघडताच रायफलीची तळपट्टीच खाली लोंबते. सगळं सैल, खुळखुळतं. आमच्या भाषेत भरपूर ‘प्ले’. चाल सलग नाही. आधी अडसर उतरतो, मग बोल्ट निघतो, शेवटी कॅरिअर बिजागरीवरून टुणकन तोंड वर करतो. ७३ ची चाल एका दमातलं वाक्य असेल, तर ही स्वल्पविराम देत बोलते. पण बंद केली की सगळा खुळखुळाट गायब. तुकडा एकसंध. मग लक्षात आलं, सैलपणा मुद्दाम ठेवलेला आहे. माती, थंडी, घट्ट झालेलं तेल, या सगळ्यांत तिला चालायचं होतं. घट्टपणा फक्त बार उडताना हवा, आणि तेव्हा तो आहे.

अमेरिकेत या रायफलीचे ‘१९६४ पूर्वीची’ आणि ‘नंतरची’ असे दोन वर्ग करतात, आणि किमतीतही फरक पडतो. १९६४ मध्ये कंपनीने खर्च कमी करायला कॅरिअर पत्र्याचा दाबून बनवायला घेतला, काही स्क्रूंच्या जागी गुंडाळलेल्या पिना घातल्या. मला यात कोणाची चेष्टा करायची नाही. तोच खर्च कमी करण्याच्या मीटिंगांना मीही बसलोय. पण मिलिंगवर कापलेला भाग आणि दाबलेला पत्रा, हे डोळ्यांआधी बोटांना कळतं. मात्र जुन्या मालाचा गुळगुळीतपणा सगळा कारखान्याचा नसतो. बराचसा ऐंशी-नव्वद वर्षं त्या घरातल्या माणसांनी लिव्हर चालवून घासलेला आहे, आणि लोक त्याचं श्रेय कंपनीला देतात.

हे यंत्र पुंगळीवरही आपली सही करतं. अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत, २५ जून १८७६ रोजी, अमेरिकन सैन्याचे अधिकारी कस्टर यांच्या सातव्या घोडदळाकडे एक-एक काडतूस भरायच्या स्प्रिंगफील्ड रायफली होत्या. समोरच्या लाकोटा आणि शायेन या मूळ अमेरिकन जमातींच्या योद्ध्यांपैकी अनेकांकडे हेन्री आणि विंचेस्टर. १९८३ मध्ये तिथलं गवत जळून जमीन उघडी पडली, पुढची दोन वर्षं उत्खनन झालं. सापडलेल्या पुंगळ्यांवरचे, बार उडवणाऱ्या पिनेचे आणि पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचे (एक्सट्रॅक्टरचे) ओरखडे सूक्ष्मदर्शकाखाली जुळवून, कोणती रायफल त्या रणांगणावर कुठून कुठे सरकली हेही अभ्यासकांनी लावलं. शंभर वर्षांहून जुने ते ओरखडे, प्रत्येक एका हाताच्या एका फेऱ्याचा.

संध्याकाळी आजोबांनी खोटी काडतुसं मोजून डब्यात टाकली, ७३ पुन्हा एकदा उघडून करंगळीने तपासली, लिव्हर बसवली, घोडा अंगठ्याने हळूच उतरवला. आणि वरचं धुळीचं झाकण पुढे ढकलून लावलं. ते आपोआप लागत नाही.