अंकल म्हणजे नेमका कोण?

(मंगल कार्यालय. माइकवर गुरुजी.)

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

पुकारा दोनदा झालाय, तिसऱ्यांदा आवाज चढतो. मामा अजून फेटाच सावरतायत. मुलीच्या अंगावरची पिवळी साडी मामांकडची. सख्खे काकाही इथंच आहेत, पण ते जेवणाचं बघतायत. बोहल्यापर्यंत हात धरून आणायचा मान मामांचा.

(अंतरपाट. अक्षता.)

ही वाटणी आपल्या शब्दांतच आहे. वडिलांचा भाऊ काका किंवा चुलता, आईचा भाऊ मामा. तुर्कस्तानात हेच दोघे आमजा आणि दायी. हिंदीवाले आणखी काटेकोर. वडिलांचा थोरला भाऊ ताऊ, धाकटा चाचा. चिनीतही थोरला-धाकटा वेगळा, मामा तिसराच. स्वीडिश लोकांनी सरळ जोडकाम केलं : 'फारब्रूर', बापभाऊ, 'मूरब्रूर', आईभाऊ. उलट हवाईच्या मूळ भाषेत बाप, काका, मामा, सगळे 'माकुआकाने'.

(पडद्यावर अक्षरं : आवुन्कुलुस.)

आता इंग्रजीची गंमत. जुन्या रोममध्ये काका म्हणजे 'पात्रुउस'. पोरांना धाकात ठेवणारा. त्याचा कडकपणा बोलण्यात दाखल्यासारखा यायचा. मामा म्हणजे 'आवुन्कुलुस'. 'आवुस' म्हणजे आजोबा, तेव्हा हा छोटा आजोबा! फ्रेंचांच्या तोंडी झिजून त्याचं 'ऑन्क्ल' झालं. इंग्रजांकडे तेव्हा स्वतःचे दोन शब्द होते : काकाला 'फॅडेरा', मामाला 'एआम'. १०६६ साली फ्रान्सकडचे नॉर्मन लोक इंग्लंडवर चालून आले, त्यांच्याबरोबर फ्रेंच आली, आणि पुढं प्रमाण इंग्रजीतून हे दोन्ही शब्द गेले. उरला 'अंकल'. म्हणजे मुळात मामाच. सख्ख्या काकाला अंकल म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

हवालदाराला मात्र आपण अजून मामाच म्हणतो. का, ते त्यालाच विचारा.

बाकी शेजारी अंकल, बाबांचा मित्र अंकल, रिक्षावालाही अंकल. शहरात चुलता उरलाय तो चुलत भावापुरता.

(पंगत.)

हा बघा, सहा-सात वर्षांचा असेल. जिलबी वाढणाऱ्याला म्हणतो, "अंकल, अजून एक."

शेजारची आजी पानातून मान वर न काढता म्हणते, "अंकल कोण रे? बाबांचा चुलत भाऊ आहे तो तुझ्या. काका म्हण."

पोरगं जरा थांबतं.

"काका, दोन."