८८ नंबरचा जॉन मॅकी

[दृश्य: मायामीचं ऑरेंज बोल स्टेडियम, १७ जानेवारी १९७१. जुनं, किंचित थरथरणारं चित्रण.]

निवेदन:
पाचवा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोसमाचा अंतिम सामना. चारपैकी दुसरा क्वार्टर. डॅलस काउबॉइज सहा गुणांनी पुढे आहेत. बाल्टिमोर कोल्ट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, जॉनी युनायटस पास देतो तो एडी हिंटनला. बॉल हिंटनच्या हाताला लागून वर उडतो. डॅलसचा मेल रेन्फ्रो झेपावतो, त्याच्या बोटांना चाटून बॉल आणखी मागे जातो आणि अलगद ८८ नंबरच्या माणसाच्या हातात पडतो. समोर मैदान मोकळं. बॉल घेऊन तो थेट प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार जातो. ७५ यार्डांचा टचडाउन. सुपर बोलमध्ये एवढ्या लांबीचा पास तोवर कुणीच पूर्ण केला नव्हता.

डॅलसनं हरकत घेतली. एकाच संघातल्या दोघांना पास लागोपाठ लागला तर तो बाद, असा त्या काळचा नियम होता. मध्ये प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झाला असेल तरच चालायचं. रेन्फ्रोची बोटं लागली, असं पंचांनी ठरवलं. कोल्ट्सनी सामना १६-१३ असा जिंकला, तोही जेमतेम पाच सेकंद उरली असताना मारलेल्या फील्ड गोलवर, म्हणजे लाथेनं खांबांमधून मारलेल्या बॉलवर.

८८ नंबरचा तो माणूस म्हणजे जॉन मॅकी. पुढे आयुष्यभर लोक त्याला या झेलावरून ओळखत राहिले. बॉल नशिबानं हातात आला, हे खरंच. पण मॅकीचं मोठेपण सांगायला निवडायचाच असेल, तर हा झेल मी तरी शेवटी निवडेन.

[दृश्य: मैदानाचा वरून काढलेला आराखडा. आक्रमण करणारा संघ एका रेषेत उभा.]

निवेदन:
मॅकी खेळायचा टाइट एंडच्या जागी. हा टाइट एंड नेमकं काय करतो? अकरा जणांच्या संघातले किमान सात जण बॉल सुरू होताना रेषेवर उभे असतात. मधले पाच धिप्पाड. त्यांचं काम एकच, समोरच्याला अडवायचं. पास झेलायचा अधिकार त्यांना नाही. त्यांच्या अगदी खेटून, टोकाला जो उभा असतो तो टाइट एंड. त्याला दोन्ही कामं लागतात. कधी शंभर-सव्वाशे किलोच्या बचावपटूला छातीवर घेऊन अडवायचं, म्हणजे बॉल घेऊन पळणारा मागचा रनिंग बॅक निसटेल. कधी त्याच बचावपटूला चुकवून आत शिरायचं आणि पास झेलायचा. आणि झेलला, की त्या क्षणी दोन-तीन जण अंगावर येणार हे ठरलेलं.

झेल मोजले जातात. यार्ड मोजले जातात. अडवताना खाल्लेले धक्के कुठल्याही रकान्यात जात नाहीत. मॅकीची गोष्ट ऐकताना हे लक्षात असू द्या.

१९६० पर्यंत बहुतेक प्रशिक्षकांच्या लेखी टाइट एंड म्हणजे रेषेवरचा सहावा अडवणारा. कधीमधी त्याच्याकडे पाच-सात यार्डांचा पास टाकायचा, एवढंच. १९६१ मध्ये शिकागो बेअर्सच्या माइक डिट्कानं पहिल्याच मोसमात हजार यार्डांचा टप्पा ओलांडला आणि लोकांचे डोळे उघडले. डिट्का ताकदीचा गडी. पण पास घेऊन लांब पळत सुटणारा टाइट एंड अजून यायचा होता.

[दृश्य: न्यूयॉर्कचा लाँग आयलंड भाग. मग सिरॅक्यूज विद्यापीठाचं आवार.]

निवेदन:
मॅकीचा जन्म २४ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्कमधला. वडील बाप्टिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक. सिरॅक्यूज विद्यापीठात त्याच्या खोलीत राहणारा मित्र होता एर्नी डेव्हिस. कॉलेज फुटबॉलची सर्वांत मानाची हाइजमन ट्रॉफी मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. डेव्हिसला ल्युकेमिया झाला आणि व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना न खेळता मे १९६३ मध्ये, तेविसाव्या वर्षी तो गेला. सिरॅक्यूजमध्येच मॅकीला सिल्व्हिया भेटली. पुढे तिच्याशी त्याचं लग्न झालं. तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

डेव्हिस गेला त्याच वर्षी मॅकी बाल्टिमोर कोल्ट्सकडून खेळू लागला. नव्या खेळाडूंच्या निवडीत कोल्ट्सनी त्याला दुसऱ्या फेरीत घेतलं होतं. संघाचा मुख्य प्रशिक्षक डॉन शुलाही त्याच वर्षी आलेला. पहिल्या मोसमात मॅकीनं ३५ पास झेलले आणि ७२६ यार्ड काढले. म्हणजे झेलामागे वीस यार्डांहून जास्त. हे आकडे बाहेरच्या बाजूला उभ्या असणाऱ्या चपळ रिसीव्हरचे वाटतात. मॅकी सहा फूट दोन इंच उंच आणि शंभर किलोचा होता. किकऑफ, म्हणजे प्रतिस्पर्ध्यानं लाथेनं लांब मारलेला बॉल, घेऊन परत पळायलाही शुला त्याला पाठवत असे. या वजनाच्या माणसाला त्या कामावर कुणी पाठवत नाही.

[दृश्य: १९६६. कोल्ट्स विरुद्ध डेट्रॉइट लायन्स. चित्रण संथ गतीनं.]

निवेदन:
हे बघा. पास छोटासाच. मॅकी वळतो तोच पहिला बचावपटू धडकतो आणि घसरून पडतो. दुसरा कमरेला मिठी मारतो, सुटतो. मग घोळकाच. एका क्षणी वाटतं, संपलं. कबड्डीत चढाईपटू अख्खी साखळी अंगावर घेऊन मध्यरेषेकडे येतो ना, तसा तो त्या घोळक्यातून बाहेर पडतो. आणि मग पळतो. ६४ यार्ड, टचडाउन.

त्या मोसमात त्यानं पासवर नऊ टचडाउन केले. त्यांतले सहा पन्नास यार्डांहून लांबचे. आता प्रतिस्पर्धी संघांची पंचाईत झाली. मॅकीला धिप्पाड लाइनबॅकरनं धरावं, तर तो त्याला पळून मागे टाकतो. मागे उभ्या असणाऱ्या चपळ सेफ्टीनं धरावं, तर तो त्याला तुडवून जातो. आजही प्रत्येक संघ टाइट एंड शोधताना हीच अडचण समोरच्यासाठी उभी करायला बघतो.

१९६६ ते १९६८ सलग तीन वर्षं तो एनएफएलच्या, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीगच्या, सर्वोत्तम संघात होता. १९६९ मध्ये एनएफएलनं पन्नास वर्षांतला सर्वोत्तम संघ निवडला, तेव्हा टाइट एंडच्या जागी मॅकीचं नाव आलं. त्यानंतर गुडघ्यांनी दगा दिला. १९७२ चा मोसम सॅन डिएगो चार्जर्सकडून खेळून तो थांबला. दहा मोसम, ३३१ झेल, ५२३६ यार्ड, ३८ टचडाउन. दहा वर्षांत तो फक्त एक सामना चुकला.

[दृश्य: १९७० मधली वृत्तपत्रं. मग मिनिआपोलिसची न्यायालयाची इमारत.]

निवेदन:
खेळत असतानाच मॅकीनं दुसरं एक काम अंगावर घेतलं होतं. १९७० मध्ये एनएफएल आणि तिची प्रतिस्पर्धी लीग एकत्र आल्या, त्यांच्या खेळाडूंच्या संघटनाही एकत्र आल्या आणि या नव्या संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला मॅकी. त्याच उन्हाळ्यात पेन्शन आणि विम्याच्या मागण्यांसाठी खेळाडूंनी सराव शिबिरांवर बहिष्कार टाकला. करार झाला, आणि संघमालकांच्या लेखी मॅकी हा त्रासदायक माणूस ठरला.

खरी लढाई होती ‘रोझेल रूल’शी. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांच्या नावानं ओळखला जाणारा हा नियम १९६३ चा. खेळाडूचा करार संपला, तो दुसऱ्या संघाकडे गेला, तर नव्या संघानं जुन्या संघाला भरपाई द्यायची. दोघांचं जमलं नाही, तर भरपाई काय ते आयुक्त ठरवणार. ती एखाद-दोन चांगले खेळाडू असू शकते, पुढच्या वर्षांच्या निवडीचे हक्कही असू शकतात. किंमत आधी कळतच नाही, मग कुठला संघ हात घालेल? १९६३ ते १९७४ या बारा वर्षांत १७६ खेळाडूंनी करार संपवून मोकळं होऊन पाहिलं. त्यांतले फक्त ३४ दुसऱ्या संघात जाऊ शकले. कागदावर तुम्ही मोकळे, पण दाराबाहेर तुम्हाला घेणारं कुणी नाही.

१९७२ मध्ये मॅकी आणि त्याच्यासोबत आणखी काही खेळाडू न्यायालयात गेले. मिनिआपोलिसमध्ये खटला चालला. १९७५ च्या अखेरीला न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी रोझेल रूल मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतो, असा निकाल दिला. १९७६ मध्ये अपील न्यायालयानंही नियम बेकायदा ठरवला. अमेरिकेतल्या कायद्याच्या वर्गात ‘मॅकी विरुद्ध नॅशनल फुटबॉल लीग’ आजही शिकवतात.

आता यातली गंमत म्हणा, किंवा चेष्टा म्हणा. निकाल लागला तेव्हा मॅकी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. १९७७ च्या करारात संघटनेनं इतर सवलतींच्या बदल्यात जिंकलेल्यातलं बरंच परत देऊन टाकलं. खेळाडूला खऱ्या अर्थानं मोकळीक मिळाली १९९३ मध्ये. आज टाइट एंड कोट्यवधी डॉलरचे करार करतात. मॅकीला त्या दाव्यातून स्वतःच्या खेळासाठी काहीच मिळालं नाही.

[दृश्य: ओहायोतलं कँटन. हॉल ऑफ फेमचा घुमट.]

निवेदन:
हॉल ऑफ फेम म्हणजे या खेळातल्या थोरांचं मानाचं दालन. तिथं निवड व्हायला त्या काळी माजी खेळाडूला पंधरा वर्षांची मुदत असे. मॅकीची निवड पंधराव्या, म्हणजे शेवटच्या वर्षी झाली, १९९२ मध्ये. टाइट एंड म्हणून त्याच्या आधी फक्त डिट्का. हा उशीर खेळामुळे झाला नव्हता, संघटनेमुळे झाला, असं त्याच्याबरोबर खेळलेले अनेक जण मानत. पन्नास वर्षांतला सर्वोत्तम म्हणून निवडलेला माणूस पंधरा वर्षं बाहेर ताटकळत ठेवायचा, याला दुसरं कारण शोधून बघा.

हॉल ऑफ फेमची अंगठी खेळाडूला त्याच्या जुन्या संघाच्या मैदानावर देतात. कोल्ट्स तोवर बाल्टिमोरमध्ये राहिलेच नव्हते. मार्च १९८४ मधल्या एका रात्री मालकानं ट्रकमध्ये सामान भरून अख्खा संघ इंडियानापोलिसला हलवला होता. मॅकीनं इंडियानापोलिसला जायला नकार दिला. त्यानं अंगठी घेतली ती बाल्टिमोरच्या मेमोरियल स्टेडियमवर, आपल्या लोकांसमोर.

[दृश्य: विमानतळ. सुरक्षा तपासणीची रांग.]

निवेदन:
साठीच्या उंबरठ्यावर मॅकीला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचं निदान झालं. यात स्मृती जाते, पण त्याआधी माणसाचा स्वभाव आणि तारतम्य जातं. एकदा विमानतळावर तपासणीसाठी बोटांतल्या अंगठ्या काढायला सांगितल्या. एक सुपर बोलची, एक हॉल ऑफ फेमची. त्यानं काढल्या नाहीत, तो रक्षकांना झिडकारून विमानाच्या दिशेनं निघाला. त्याला आवरायला त्यांना बळ लावावं लागलं. सिल्व्हिया सोबत होती.

त्याची पेन्शन महिन्याला अडीच हजार डॉलरसुद्धा नव्हती. सिल्व्हियानं पन्नाशी उलटल्यावर फ्लाइट अटेंडंटची नोकरी धरली, त्यात आरोग्य विमाही होता. काळजी केंद्राचा खर्च त्या पगारात भागणारा नव्हता. २००६ मध्ये तिनं लीगचे तेव्हाचे आयुक्त पॉल टॅगलियाब्यू यांना पत्र लिहिलं. हा आजार रुग्णाबरोबर त्याची सेवा करणाऱ्यालाही संपवतो, हे तिनं त्यात काहीही न लपवता सांगितलं.

फेब्रुवारी २००७ मध्ये लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी मिळून एक योजना सुरू केली. डिमेन्शिया झालेल्या माजी खेळाडूला केंद्रात ठेवलं तर वर्षाला ८८ हजार डॉलरपर्यंत, घरी सांभाळलं तर ५० हजारांपर्यंत. योजनेचं नाव ‘८८ प्लॅन’, मॅकीच्या जर्सीवरून. हा आजार फुटबॉलमुळे होतो, हे मात्र लीगनं तेव्हा कबूल केलं नाही. पैसे देऊ, कारण विचारू नका, असा एकूण सूर.

या योजनेसाठी ना संप झाला, ना खटला. सिल्व्हियाचं पत्र गेलं, त्यानंतर वर्षभराच्या आत ती उभी राहिली.

[दृश्य: बाल्टिमोर बंदर. जुलै २०११.]

निवेदन:
६ जुलै २०११ रोजी बाल्टिमोरमध्ये जॉन मॅकी गेला. वय ६९. त्या दिवशी एनएफएल बंद होती. मालकांनी मार्चपासून खेळाडूंना बाहेर ठेवलं होतं, आणि वाटाघाटीच्या टेबलावर पुन्हा पैसा, पेन्शन आणि माजी खेळाडूंच्या सवलती होत्या. एकोणीस दिवसांनी तडजोड झाली.

मॅकीचा मेंदू बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांकडे दिला गेला. त्यांना त्यात सीटीई आढळला, डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या आघातांमुळे होणारा मेंदूचा ऱ्हास. या रोगाचं पक्कं निदान मृत्यूनंतरच करता येतं.

त्याच २०११ च्या उन्हाळ्यात माजी खेळाडूंनी डोक्याच्या दुखापतींसाठी लीगवर दावे लावायला सुरुवात केली. पुढे हजारो जण त्यात सामील झाले. २०१५ मध्ये न्यायालयानं त्या दाव्यांमधली तडजोड मंजूर केली. भरपाईच्या यादीत डिमेन्शिया आहे.

[पडद्यावर: जॉन मॅकी, टाइट एंड. बाल्टिमोर कोल्ट्स १९६३–१९७१, सॅन डिएगो चार्जर्स १९७२.]