हरल्यानंतरचा कापाब्लांका

नमस्कार मंडळी! मार्च 1924, न्यूयॉर्कची बुद्धिबळ स्पर्धा. क्यूबाचा जगज्जेता होझे राऊल कापाब्लांका नुकताच रेटी या खेळाडूकडून हरलाय. हे हरणं साधं नाही. 1916 पासून तब्बल आठ वर्षं, 63 डाव, त्याला कुणीच हरवलं नव्हतं! मधेच 1921 मध्ये, आपल्या हवानात, एकही डाव न गमावता त्याने लास्करकडून जगज्जेतेपदही घेतलं होतं.

आणि पुढच्याच फेरीत समोर तार्ताकोव्हर. पांढऱ्या सोंगट्या कापाब्लांकाकडे, काळ्या तार्ताकोव्हरकडे. दोघांकडे एकेक हत्ती आणि प्यादी उरलीत. आता नीट बघा.

[पटावर: पांढऱ्याची 35 वी खेळी]

काळ्याचा हत्ती कापाब्लांकाच्या प्याद्यांवर टपलाय. तुम्ही-मी असतो तर प्यादी वाचवत बसलो असतो. कापाब्लांकाने राजा पुढे काढला! एक प्यादं गेलं, शह बसला. राजा आणखी पुढे. दुसरं प्यादं गेलं, पुन्हा शह. राजा थांबत नाही. वाटेत काळ्याचं एफ-5 या घरातलं प्यादं आयतं खायला मिळत होतं, ते त्याने खाल्लंच नाही. का? कारण त्याच प्याद्याचा आडोसा घेऊन राजा एफ-6 वर उभा राहणार होता. आता समोरून शह देणार कसा? इकडे जी-6 वर कापाब्लांकाचं प्यादं, सातव्या पट्टीत त्याचाच हत्ती. काळ्याचा राजा कोंडला गेला. डाव कापाब्लांकाचा! मी हा शेवट कितीतरी वेळा पटावर मांडलाय, आणि तो राजा चालू लागला की आजही अंगावर काटा येतो.

दरवेळी मात्र तो असा सावरला नाही. 1914 ला सेंट पीटर्सबर्गच्या स्पर्धेत तो आघाडीवर होता. लास्करकडून हरला, लगेच टाराशकडूनही हरला, आणि अर्ध्या गुणाने पहिला नंबर गेला.

1927 चा घाव सगळ्यात खोल. ब्युनोस आयर्समध्ये अलेखिनने त्याचं जगज्जेतेपद हिसकावलं. 34 डाव चालले, अलेखिनचे सहा विजय, याचे तीन. त्याआधी अलेखिनने त्याला एकदाही हरवलं नव्हतं! परतीच्या लढतीसाठी कापाब्लांका वर्षानुवर्षं धडपडला. आड आली दहा हजार डॉलरच्या बक्षिसाची अट, जी जगज्जेता असताना त्याच्याच नियमांत होती. ती लढत कधीच झाली नाही.

1939 मध्ये बुद्धिबळ ऑलिम्पियाड, म्हणजे देशांच्या संघांची स्पर्धा भरली, तीही ब्युनोस आयर्सलाच. पन्नाशी उलटलेला कापाब्लांका क्यूबाकडून पहिल्या पटावर, म्हणजे संघाचा पहिला खेळाडू म्हणून खेळला आणि त्या पटाचं सुवर्णपदक त्याने जिंकलं. फ्रान्सच्या पहिल्या पटावर होता अलेखिन. क्यूबा-फ्रान्स सामन्याच्या दिवशी कापाब्लांका खेळायला बसला नाही.