एका सीझनचा हिशेब : 2024 चं रोड सायकलिंग, ठाणे-नवी मुंबईतून पाहताना

(निवेदन)

दृश्य : पांढऱ्या खडीचा कच्चा रस्ता, एकटा सायकलपटू.

2 मार्च 2024. इटलीतल्या सिएनाजवळच्या कच्च्या रस्त्यांवर स्त्रादे बियांके ही शर्यत सुरू आहे. शेवटची रेषा अजून 81 किलोमीटर लांब आहे आणि मोन्ते सांते मारीच्या खडबडीत पट्ट्यावर स्लोव्हेनियाचा तादेई पोगाचार पुढे निघून जातो. 81 किलोमीटर म्हणजे साधारण ठाण्याहून लोणावळ्यापर्यंतचं अंतर. तेवढं तो एकट्याने, वारा अंगावर घेत कापतो आणि पावणेतीन मिनिटांच्या फरकाने जिंकतो. त्या वर्षातली ही त्याची पहिलीच शर्यत होती.

पहिल्याच शर्यतीत एवढी तयारी कशी? कारण त्याचा सीझन हिवाळ्यातच कागदावर आखून झाला होता, आणि त्या कागदावर खाडाखोड भरपूर होती. बेल्जियममधली फ्लँडर्सची शर्यत 2023 मध्ये त्याने जिंकली होती, तरी या वर्षी सोडली. मे महिन्यात जिरो द इटालियाला, म्हणजे इटलीतल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीला, जाईपर्यंत तो फक्त 10 दिवस शर्यतीत उतरला : स्त्रादे बियांके, मिलान-सानरेमो, सात दिवसांची कातालुन्याची शर्यत आणि लिएज-बास्तोन-लिएज. वर्षाअखेरीचा आकडा 58 दिवस आणि 25 विजय. कुठे उतरायचं याइतकंच कुठे उतरायचं नाही हेही ठरलेलं होतं, आणि 2024 चा सीझन समजून घ्यायचा तर नजर तिथे हवी.

दृश्य : पाम बीच रोड, पहाटे पाच. दिव्यांची रांग.

वाशीहून बेलापूरकडे जाणाऱ्या या रस्त्यावर शनिवार-रविवारी ग्रुप राईड असतात. ठाण्यात उपवनाजवळून येऊरचा चढ, घोडबंदर रोडवर गायमुखचा घाट. बेलापुरात पारसिक हिल. इथल्या सायकलपटूंचं आणि युरोपचं वेळापत्रक नेमकं उलटं चालतं. त्यांच्या वसंतातल्या शर्यती आपल्या मार्च-एप्रिलच्या उकाड्यात येतात. टूर द फ्रान्स जुलैत, म्हणजे ऐन पावसात, खड्ड्यांत पाणी साचलेलं असताना. तिकडचे टप्पे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास संपतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ झालेले असतात. आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचा सीझन संपतो, त्याच सुमाराला आपला सुरू होतो. म्हणून युरोपातल्या रायडरचा सराव जसाच्या तसा उचलला तर इथे तो अंगाशी येतो.

आता मार्चअखेर आणि एप्रिल. फ्लँडर्सला, 31 मार्चला, पावसाने कोपेनबर्गचा दगडी चढ इतका निसरडा केला की बहुतेकांना सायकल हातात घेऊन चालावं लागलं. मॅथ्यू व्हान डर पूल मात्र पेडल मारत वर गेला आणि पुढचे जवळपास 45 किलोमीटर एकटा राहिला. पुढच्या रविवारी फ्रान्समधल्या दगडी रस्त्यांवरची पॅरिस-रुबे त्यानेच जिंकली, तीही साठ किलोमीटर एकट्याने. सरासरी वेग ताशी 47.8 किलोमीटर, त्या शर्यतीच्या इतिहासात तोपर्यंतचा सर्वात जास्त.

इथे टायरबद्दल बोलायला हवं, कारण दगडी रस्त्यांवरचा हा वेग पायांइतकाच रबरातून येतो. रुबेला आता 32 मिलिमीटरच्या आसपासचे ट्यूबलेस टायर लागतात आणि हवा 4 बारच्याही (सुमारे 58 पीएसआय) खाली असते. फार कडक टायर दगडावर उसळतो. उसळला की तेवढा वेळ तो रस्त्याला धरत नाही आणि पायांची ताकद सायकल वर-खाली करण्यात जाते. आपल्याकडे मात्र अजूनही 25 मिलिमीटरच्या टायरमध्ये 110 पीएसआय हवा भरून पेव्हर ब्लॉकवर निघणारे पुष्कळ दिसतात. साधारण 70 किलो वजनाचा रायडर आणि 30 मिलिमीटरचा ट्यूबलेस टायर असेल तर पुढे 60 आणि मागे 65 पीएसआयपासून सुरुवात करून पाहावी. आत ट्यूब असेल तर थोडी जास्त ठेवावी, नाहीतर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

रिमची आतली रुंदीही पाहून ठेवा. फेब्रुवारीत यूएई टूरमध्ये थॉमस दे घेंट पडला, तेव्हा त्याचा टायर रिममधून पार निखळलेला दिसला. रिम हूकलेस, म्हणजे कडेला आकडी नसलेली, आतून 25 मिलिमीटर रुंद. टायर 28 मिलिमीटरचा. नव्या मानकाप्रमाणे एवढ्या रुंद रिमवर टायर किमान 29 मिलिमीटरचा हवा. हूकलेस रिममध्ये हवेची मर्यादा 5 बार, म्हणजे सुमारे 72 पीएसआय. रिमला आकडी नसल्यामुळे जास्त दाबाखाली टायरची कडा धरून ठेवायला काहीच नसतं. टायर घेताना दुकानदार हे सांगेलच असं नाही. रिमवर छापलेले आकडे आपणच वाचावेत.

दृश्य : जंगलातला अरुंद उतार, उजवं वळण.

4 एप्रिल. स्पेनमधल्या बास्क भागातली इत्झुलिया शर्यत, चौथा टप्पा. ओलाएताचा उतार, वेग जबरदस्त, आणि एका उजव्या वळणावर पुढच्या फळीतले रायडर रस्त्याबाहेर फेकले गेले. बाहेर काँक्रीटचं गटार आणि मोठाले दगड. योनास विंगेगार्डची कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या, फुफ्फुसाला इजा झाली. रेम्को एवेनेपूलची कॉलरबोन आणि खांद्याचं हाड मोडलं. प्रिमोझ रोग्लिच खरचटून बाहेर पडला. ऑस्ट्रेलियाच्या जे व्हाइनच्या मणक्याला फ्रॅक्चर झालं. टूर जिंकण्याची ताकद असलेल्या चौघांपैकी तिघे एकाच वळणावर खाली आले. चौथा, पोगाचार, त्या शर्यतीत नव्हताच.

असं वळण चुकतं कशामुळे? सहसा वळणाच्या आत शिरल्यावर ब्रेक दाबल्यामुळे. ब्रेक वळणाआधी, सायकल सरळ असतानाच मारायचा. वळणात बाहेरचा पाय खाली, वजन त्या पेडलवर, नजर वळण जिथे संपतं तिथे. गायमुखच्या उतारावर याला आणखी एक गोष्ट जोडा : अवजड वाहनांतून सांडलेलं तेल आणि बारीक वाळू. पहिल्या पावसानंतरचे एक-दोन दिवस तो उतार टाळलेलाच बरा.

याच वर्षी जुलैत ऑस्ट्रियाच्या टूरमध्ये उतारावर पडून नॉर्वेचा आंद्रे ड्रेगे गेला. सप्टेंबरमध्ये झुरिकच्या जागतिक स्पर्धेत 18 वर्षांची ज्युनियर रायडर म्युरिएल फुरर जंगलातल्या उतारावर पडली आणि बराच वेळ कोणाच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचं निधन झालं. येऊरला किंवा कर्नाळ्याकडे एकट्याने जाणाऱ्यांनी लाइव्ह लोकेशन घरच्या माणसाला पाठवून मगच निघावं. हे सांगताना आम्हाला जराही अवघडल्यासारखं वाटत नाही.

मे महिन्यात जिरो. पोगाचारने दुसऱ्याच टप्प्यावर, ओरोपाच्या चढावर आघाडीवीराची गुलाबी जर्सी घेतली आणि रोमपर्यंत सोडली नाही. सहा टप्पे आणि 9 मिनिटं 56 सेकंदांची आघाडी. शर्यत म्हणून ती लवकरच एकतर्फी झाली हे मान्य करायला हवं. त्याचं खरं कौतुक त्यानंतरच्या पाच आठवड्यांचं आहे. जिरो 26 मे रोजी संपली, टूर 29 जूनला फ्लॉरेन्सहून सुटली. मधल्या काळात एकही शर्यत नाही. आधी विश्रांती, मग आल्प्समधल्या इझोला 2000 इथे उंचीवरचा सराव.

उंचीवर काय होतं? 2000 मीटरवर हवेचा दाब कमी, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सोडतात आणि हाडांच्या मगजात तांबड्या पेशी वाढू लागतात. याला साधारण तीन आठवडे लागतात. बिघडतं ते तीन ठिकाणी. शरीरात लोह कमी असेल तर पेशी वाढतच नाहीत. पहिल्याच आठवड्यात जोर लावला तर थकवा साचतो. आणि उंचीवर झोप तुटते, ती भरून काढायला दिवसाही पडून राहावं लागतं.

नवी मुंबईत 2000 मीटर कुठून आणणार? पण उकाडा आहे. नियमित उष्णतेत शरीर रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा वाढवतं, आणि मोठे संघही हल्ली मुद्दाम गरम खोलीत सराव करून घेतात. एप्रिल-मेमध्ये 45 ते 60 मिनिटं हलक्या गिअरवर पुरतात. दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता टपकतो, त्यामुळे अंग थंड होत नाही. डोकं जड झालं किंवा अंगावर काटा आला की तिथेच थांबायचं, सावलीत जायचं आणि मानेवर पाणी ओतायचं.

दृश्य : टूर. प्लाटो द बेय, 14 जुलै.

टूरमध्ये विंगेगार्ड आला तो बारा दिवस हॉस्पिटलात काढून आणि त्यानंतर एकही शर्यत न धावता. तरीही अकराव्या टप्प्यावर, ल लिओराँला, त्याने पोगाचारला समोरासमोरच्या स्प्रिंटमध्ये हरवलं. आमच्या मते वर्षातला सर्वात मोलाचा विजय तो होता. पण तिसऱ्या आठवड्यात वसंतातला बुडालेला सराव दिसायला लागला. पोगाचारने टूर 6 मिनिटं 17 सेकंदांनी जिंकली, विंगेगार्ड दुसरा, एवेनेपूल तिसरा. जिरो आणि टूर एकाच वर्षी जिंकणारा 1998 च्या मार्को पंतानीनंतर तोच. ऑलिम्पिकमुळे शेवट पॅरिसऐवजी नीसला झाला. त्याच टूरमध्ये मार्क कॅव्हेंडिशने 35 वा टप्पा जिंकून एडी मर्क्सचा 34 चा विक्रम मागे टाकला आणि इरिट्रियाच्या बिनियाम गिरमायने तीन टप्प्यांसह गुणांची हिरवी जर्सी नेली.

आता या टप्प्यांवर रायडर खातात काय ते पाहू. दहा-बारा वर्षांपूर्वी तासाला 60 ग्रॅम कर्बोदकं पुरेशी मानली जात. आता 120 ग्रॅमपर्यंत जातात. आतड्यातला ग्लुकोज शोषणारा मार्ग तासाला साधारण 60 ग्रॅमवर भरतो. फ्रुक्टोजला वेगळा मार्ग आहे, म्हणून दोन्ही 1 ला 0.8 या प्रमाणात मिसळतात. घरातली साखर निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज असते. 750 मिलिलिटरच्या बाटलीत वजनकाट्यावर मोजून 60 ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू : एका तासाचं इंधन. पहिल्यांदा 40 ग्रॅमच घ्या आणि दर आठवड्याला वाढवा. सवय नसताना एकदम 90 घेतले तर पोट फुगतं आणि मळमळतं. आणि घरी आल्याबरोबर बाटलीचं तोंड उघडून ब्रशने घासा. आपल्या हवेत साखरेचं पाणी एक रात्र राहिलं की झडपेच्या रबराखाली काळी बुरशी धरते, जी बाहेरून दिसत नाही.

पोगाचारने ऑलिम्पिकही सोडलं. तिथे एवेनेपूलने टाइम ट्रायल (घड्याळाविरुद्ध एकेकट्याची शर्यत) आणि रोड रेस ही दोन्ही सुवर्णं घेतली. रोड रेसमध्ये चारेक किलोमीटर उरले असताना टायर पंक्चर झाला, पण आघाडी मिनिटाहून जास्त होती, सायकल बदलायला वेळ मिळाला. स्पेनची तीन आठवड्यांची वुएल्ता रोग्लिचने चौथ्यांदा जिंकली. वाउट व्हान आर्टचं वर्ष मात्र दोनदा मोडलं, मार्चमध्ये बेल्जियममध्ये आणि पुन्हा वुएल्तात, तीन टप्पे जिंकल्यानंतर.

29 सप्टेंबर, झुरिक. 273 किलोमीटरच्या जागतिक स्पर्धेत पोगाचार 100 किलोमीटर आधी निघाला, शेवटचे 51 किलोमीटर एकटा होता आणि जगज्जेत्याची इंद्रधनुषी जर्सी घेऊन थांबला. जिरो, टूर आणि जागतिक विजेतेपद एकाच वर्षी : त्याच्याआधी फक्त मर्क्स, 1974, आणि स्टीफन रोश, 1987. 12 ऑक्टोबरला इटलीतली लोम्बार्दियाची शर्यत, सलग चौथ्यांदा. त्यानंतर सायकल भिंतीला. व्यावसायिक रायडर वर्षाअखेरीला दोन ते चार आठवडे पूर्ण सुट्टी घेतात.

दृश्य : ऑक्टोबर, बेलापूर.

आपल्याकडे पाऊस ओसरतो तो याच सुमाराला. जानेवारीतली 200 किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) डोळ्यासमोर ठेवा, वेळमर्यादा साडेतेरा तास. तिच्यापासून 12 आठवडे मागे मोजा. दर चौथा आठवडा हलका. लांब राईड आठवड्यातून एकच, दर वेळी 15-20 किलोमीटरने वाढवत 150 पर्यंत. त्या बारा आठवड्यांत मित्रांनी ठरवलेल्या इतर राईडपैकी कोणत्या सोडायच्या ते आधीच लिहून काढा. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्मं करा, पण दोन दिवस पारसिकच्या चढावर पाच-पाच मिनिटांचे तीन जोर ठेवा, म्हणजे पाय सुस्तावत नाहीत. चेन आणि ब्रेक पॅड बदलायचे असतील तर त्या आठवड्याच्या आधी बदला आणि नव्या भागांवर किमान एक लांब राईड झालेली असू द्या.