पत आपल्या घरी नसते

पंखा जरा कमी करता का कुणी, माईकमध्ये घरघर येतेय. हां, बास. पंख्यावरूनच सुरू करतो मग. आपल्या सराफ्यात माझे काका एका पेढीवर तीसेक वर्षं होते, मी शाळा सुटली की तिथे जाऊन बसायचो. सोनं तोलायला घेतलं की काका आधी उठून पंखा बंद करायचे. इंदूरचा मे महिना काय असतो ते तुम्हाला काय सांगू, गिऱ्हाईक घामाने निथळतंय, काका निथळतायत, तरी बंद. वाऱ्याने पारडं हललं की गुंजभर इकडचं तिकडे होतं, समोरच्याला कळतही नाही, पण काकांना कळायचं ना. मग कसोटीवर दागिना घासायचे आणि दगड गिऱ्हाइकाकडेच सरकवायचे, घ्या, तुम्हीच बघा. आता हॉलमार्क आलाय, 22 कॅरेटला 916, शिवाय 2021 पासून सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे दर दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, मोबाइलवर टाकला की सगळं कळतं. चांगलंच झालं. तेव्हा मात्र लोक काकांचं तोंड बघून सोनं घ्यायचे.

त्याच ओळीत हुंड्या चालायच्या. हुंडी म्हणजे काय तर एक चिठ्ठी, इथल्या शेठने मुंबईच्या आडत्याला लिहिलेली, की अमक्याला इतके रुपये द्या. दर्शनी असेल तर दाखवल्यावर पैसे, मुदती असेल तर ठरलेल्या दिवसांनी. हरवली तर पेठ लिहून द्यायचे, पेठही हरवली तर परपेठ. म्हणजे विचार करा, कागद तीनदा लिहिला तरी पैसे एकदाच मागितले जाणार, हा भरवसा! इंग्रजांनी 1881 मध्ये निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्सचा कायदा केला तेव्हाही हुंडीचे स्थानिक रिवाज त्यांनी तसेच राहू दिले.

आणि ह्याला आपल्याकडे शब्द काय, पत. इज्जतीलाही पत, उधारीलाही पत. माझी तर समजूत आहे की सगळ्या इस्टेटीत ही एकच अशी आहे जी आपल्या घरी ठेवता येत नाही. ती दुसऱ्यांच्या डोक्यात जमा असते, आणि पासबुक आपल्याला कुणी दाखवत नाही. (अहिल्याबाईंचं उदाहरण आपण दर वेळी देतो म्हणून आज लांबवत नाही, पण घाट-देवळं बांधायची तर खासगीतून, दौलतीचा हिशेब वेगळा, हे राज्य हातात असताना पाळायचं म्हणजे गंमत नाही.)

आता माझं सांगतो. मी काकांचा पुतण्या, तरी. जुनी स्कूटर विकायची होती, इंजिनातून ऑइल गळायचं, मी त्या दिवशी सकाळी रॉकेलने खालचा भाग चकाचक पुसला आणि रामबागेतल्या एका मास्तरांना दिली. हजार रुपये जास्तच आले असतील. मास्तर कधी बोलले नाहीत हो, राजवाड्यावर भेटले की नमस्कार करायचे, फक्त पूर्वीसारखं थांबून पोरांचं विचारायचे नाहीत.

चार-पाच वर्षांनी मुलाच्या लोनला जामीनदार हवा होता. सरकारी नोकरीवाला आणि ओळखीचा, पहिलं नाव मास्तरांचंच सुचलं. फॉर्म घेऊन गेलो, फाटकाच्या कडीवर हात ठेवला, तर आत अंगणात तीच स्कूटर उभी, खाली पत्र्याचं झाकण ठेवलेलं, ऑइल झेलायला.

कडी न वाजवताच मी परत आलो.